न आलेलं न्हाण

आमचा दवाखाना गुरुवारी दुपारी तीन ते पाच उघडा असायचा. म्हणायला दवाखाना, खरं तर एक खोली. अण्णा नगरच्या एका टोकाला जे आरोग्य केंद्र आहे, त्याच्या लांब व्हरांड्यातली शेवटून दुसरी. खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. बाहेर मोठ्या पाटीवर तमिळ आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं की दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या शरीराच्या आणि मनाच्या अडचणी इथे मोकळेपणाने सांगाव्यात. आत एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा आणि मी.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईत आले, त्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. समाजकार्याची पदवी होती, तमिळ भाजीवालीकडून आणि शेजारणींकडून शिकले होते, आणि समुपदेशक म्हणून कंत्राटी नेमणूक मिळाली तेव्हा फार आनंद झाला होता. पहिल्या सहा महिन्यांत तो आनंद जिरला. मोकळेपणाने बोलायला कुणी येतच नव्हतं. शाळेनं पाठवलेल्या मुली यायच्या, लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि रांगेनं परत जायच्या. मी विचारायची, "अजून काही?" त्या एकमेकींकडे बघून हसायच्या आणि मान हलवायच्या. बाकी वेळ मी पंख्याखाली बसून तक्ते भरत असे.

आमच्या सिस्टर माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, त्याच भागात जन्मलेल्या. त्या म्हणायच्या, "या वयात कुणाला काही होत नाही, म्हणून येत नाहीत." मला ते पटत नव्हतं.

ती मुलगी आली तो गुरुवार मला आठवतो, कारण त्याच दिवशी गरोदर बायकांची तपासणीही ठेवली होती. व्हरांड्यातल्या बाकावर सहा-सात जणी बसलेल्या, त्यांच्या सासवा वेगळ्या. त्या सगळ्यांसमोरून ती मुलगी दोनदा गेली. एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच. तिसऱ्या वेळी पडदा बाजूला करून पटकन आत शिरली. शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टवर तिनं घरचा सैल कुडता घातला होता, म्हणजे शाळा कोणती ते कळू नये. पंधरा वर्षांची असेल. अंगानं बारीक, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, चेहरा ओढलेला.

मी तमिळमधून बस म्हटलं, नाव विचारलं. तिनं एक नाव सांगितलं, ते तिचं नव्हतं हे सांगण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. मी तेच लिहिलं.

"काय होतंय?"

"काही नाही. पोट दुखतं."

"कधीपासून?"

ती पडद्याकडे बघत राहिली. पडद्याखालून बाहेरच्या बायकांच्या चपला दिसत होत्या. एक बाई दुसरीला काल रात्रीच्या उलट्यांबद्दल सांगत होती आणि आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होता. म्हणजे आमचाही त्यांना ऐकू जाणार. मुलगी उठायच्या बेतात होती. तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, पुन्हा गेली का!"

ती परत बसली.

"तुम्ही मराठी का?" तिनं मराठीत विचारलं.

ती मराठी माझ्या मिरजेची नव्हती. जुनी, पोथीतल्यासारखी, आणि तिच्यावर तमिळचा हेल. वाक्याच्या शेवटी सूर वर जायचा. तंजावूरकडची मराठी माणसं चेन्नईत पुष्कळ आहेत, तीनशे वर्षं झाली त्यांना इकडे येऊन, आणि वयस्कर मंडळींशी मी बोलले होते. पण एवढ्या लहान मुलीच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हो, मराठी. तू?"

"आम्हीही मराठीच. तंजावूर. घरीं पाटीशी बोलतों तेवढेंच." पाटी म्हणजे आजी. मग ती पुढे वाकली. "आपण ऐसें बोललों तर बाहेर कोणास कळणार नाही ना?"

"इथं कुणालाच कळणार नाही," मी म्हटलं. "सिस्टरनासुद्धा नाही."

तिनं श्वास सोडला. आणि म्हणाली, "अक्का, मज दूर होत नाही."

मला काही उमजेना. दूर होत नाही म्हणजे? माझ्या डोक्यात दुसरंच आलं. मी आवाज मऊ करून विचारलं, "कोण दूर होत नाही? कुणी त्रास देतंय का तुला? शाळेत? बसमध्ये?"

ती एकदम फिसकन् हसली. तोंडावर हात धरून हसली. "तें नव्हे अक्का. *दूर.* महिन्याचें. तीन दिवस दूर बसतात, तें."

मग मीही हसले. पाळीला त्यांच्या घरात 'दूर' म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तिच्याजवळ या विषयाचे मराठी शब्द फार नव्हते. स्वयंपाकघरातले होते, देवघरातले होते, आजीच्या दुखण्याखुपण्याचे होते. त्यातूनच ती जोडजोडून सांगत गेली, अडलं की तमिळ शब्द अगदी हळू पुटपुटायची. मी कुठेही मध्ये बोलले नाही.

ती मैलापूरला राहायची; तिथं कुणी ओळखीचं भेटेल म्हणून बसनं इतक्या लांब आली होती. आई एका कार्यालयात कारकून, वडील शाळेत शिक्षक, घरात आजी. तिला तिच्याच वयाची एक मावसबहीण होती. दोघी तेराव्या वर्षात होत्या तेव्हा मावसबहिणीला न्हाण आलं. मोठा समारंभ झाला. त्यानंतर तिची आई दर आठवड्याला विचारायला लागली, "अजून नाही?" आजी विचारायची, मावशी फोनवरून विचारायची. शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत कुजबुजायच्या आणि ती आली की गप्प बसायच्या, कारण तिला अजून 'त्यातलं' काही कळत नव्हतं.

एका सुट्टीत ती मावशीकडे गेली होती. तिथे अंगणात कुठेतरी गंजलेल्या लोखंडी बाकावर बसली असेल, परकराला मागे तांबूस डाग लागला. मावशीनं तो पाहिला आणि आनंदानं ओरडली. शेजारणी धावत आल्या. कुणी हळद आणली, कुणी तिला एका कोपऱ्यात पाटावर बसवलं, आईला फोन गेला.

"मी हो म्हटलें नाही, अक्का," ती म्हणाली. "मात्र नाहीही म्हटलें नाही."

मग हॉल घेतला गेला. तंजावूरहून मामा आले, त्यांनी ताटं भरून साडी, बांगड्या, फळं, मिठाई आणली. तिला हिरव्या रेशमी पावडैवर, म्हणजे पायघोळ परकरावर, जांभळी दावणी, अर्धी साडी, नेसवली, केसांत मोगऱ्याची जाळी घातली, खुर्चीवर बसवून ओवाळलं. फोटो काढले. तिला वाटत होतं, दोन-चार महिन्यांत खरंच येईल आणि मग सगळं बरोबर होऊन जाईल. कुणाला कळणारही नाही.

पाळी आलीच नाही. मग ती कॅलेंडर बघून दूर बसायला लागली. दर अठ्ठावीस दिवसांनी, कधी एक दिवस मागेपुढे, संशय येऊ नये म्हणून. तीन दिवस देवघराकडे फिरकायची नाही. कोरे पॅड कागदात गुंडाळून टाकून द्यायची. कंबर दुखते म्हणायची, कारण मैत्रिणी तसं म्हणायच्या. आई तिला मिरीची कढी करून द्यायची, ती प्यायची. दोन वर्षं तिनं हे केलं.

"आणि पोट?" मी विचारलं.

पोट खरंच दुखायला लागलं होतं. वर्ष होऊन गेलं होतं. आधी महिन्यातून दोन-तीन दिवस, मग दर महिन्याला जास्त, आता तर वर्गात बाकावर वाकून बसावं लागायचं. तिनं ठरवलं होतं की ही शिक्षा आहे. खोट्या दुखण्याचं सोंग केलं, म्हणून देवानं खरं दुखणं दिलं. हे तिनं अगदी सरळ सांगितलं. आणि गेल्या दोन आठवड्यांपासून लघवीला त्रास होत होता. बसून राहावं लागायचं, होतच नसे.

हे ऐकल्यावर मी टेबलावरचा पेन खाली ठेवला. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळत होतं की हे पुढच्या गुरुवारवर टाकण्यासारखं नाही. "आमच्या डॉक्टर बाई आहेत. त्यांना दाखवूया का? मी बरोबर येते. तू सांगितलेलं मी फक्त त्यांनाच सांगेन."

"अम्मास सांगणार का?"

"आत्ता नाही. तुला विचारल्याशिवाय नाही."

डॉक्टर गरोदर बायकांत गुंतलेल्या होत्या. मी त्यांना बाजूला बोलावून सांगितलं. त्यांनी हातातलं काम दुसऱ्यांकडे दिलं आणि लगेच आल्या. मुलीशी आधी शाळेच्या गप्पा मारल्या, गणित आवडतं का विचारलं, मग पोटावर हात ठेवून दाबून पाहिलं. ओटीपोटात त्यांना काहीतरी टणक लागलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही, तिलाच सांगितलं, खुर्ची ओढून समोर बसून.

"बघ, तू खोटं बोललीस त्याचा आणि याचा काही संबंध नाही. मला वाटतं तुझी पाळी सुरू झालेली आहे. वर्षापूर्वीच. फक्त तिला बाहेर यायला वाट नाहीये. काही मुली जन्मतात तेव्हा तिथला पातळ पडदा बंद असतो. कुणालाच माहीत नसतं. दर महिन्याचं रक्त आत साठतं आणि म्हणून दुखतं. सोनोग्राफी केली की नक्की कळेल. आणि तसंच असेल तर अगदी छोटं ऑपरेशन. मग तू ठणठणीत."

मुलगी ऐकत होती. "पाळी आली आहे?" तिनं तमिळमधून विचारलं.

"आली आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. तू अठराच्या आतली आहेस. ऑपरेशनला आईवडिलांची सही लागेल. आणि फार दिवस थांबता येणार नाही. या आठवड्यात व्हायला हवं."

तिचं रडणं थांबलं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "नको," म्हणाली. "मला नको ऑपरेशन." मी एका चिठ्ठीवर माझा फोन नंबर लिहून तिच्या हातात कोंबला आणि एवढंच म्हटलं, "लघवी पूर्ण थांबली तर कुठल्याही दवाखान्यात जा, कुणालाही सांग, लाजू नकोस." ती त्या बायकांमधून मान खाली घालून निघून गेली.

त्या रात्री मी नीट जेवले नाही. तिचं खरं नाव नाही, पत्ता नाही. स्कर्टच्या रंगावरून शाळा शोधता आली असती. तिला तसं जाताना पाहिलेल्या सिस्टर म्हणाल्या, "मी काढते शोधून, माझी भाची तिकडच्याच शाळेत आहे." मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळपर्यंत वाट बघू. ती स्वतःहून इथवर आली आहे, पाऊण तास बसनं. परत येईल. नाही आली तर मग शाळेत जायचं, काही झालं तरी." तेव्हा मला त्यांचा धीर जरा जास्तच वाटला होता.

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे शाळेचा गोंगाट.

"अक्का, मीच."

"बोल गं. बरी आहेस ना?"

"अम्मास घेऊन येत्यें उद्यां. पोट दुखतें इतकेंच सांगितलें आहे. बाकीचें तुम्ही सांगा. मी तिथेंच बसेन. मात्र तुम्ही सांगा. मराठींत सांगा."

शनिवारी दवाखान्याचा दिवस नव्हता, पण डॉक्टर आल्या, मी आले, सिस्टरही आल्या. व्हरांडा रिकामा होता. आई गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र अडकवलेली तशीच आली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. ठेंगणी, चटपटीत बाई. मी मराठीत नमस्कार केला तेव्हा तिचा चेहरा खुलला. गाव कोणतं, इकडे कधी आलात, दोन मिनिटं चौकशी झाली. मुलगी शेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेली.

मी रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. "तुमची मुलगी फार धीराची आहे," मी सुरू केलं. "तिनं आम्हाला एक गोष्ट सांगितली आहे, ती ऐकताना तुम्ही..."

"अम्मा," मुलगी मध्येच म्हणाली, "मज दूर होत नाही. कधींच झालें नाही. मावशीच्या घरीं झालें तें गंज होता."

आई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हात उगारेल, किंवा उठून जाईल. तिनं विचारलं ते भलतंच होतं.

"मग ते पॅड?"

"टाकून दिले."

"कोरे?"

"कोरे."

"सगळे?"

"सगळे, अम्मा."

"आणि मी कढी करून देत होत्यें," आई म्हणाली. "दर महिन्यास. मिरी वाटून." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, ओळखपत्राच्या पट्टीनंच डोळे पुसायला लागली. मुलगी घाबरून तिच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. आईनं तिला कमरेशी धरून जवळ ओढलं.

"मींच," आई मला म्हणाली. "माझ्या अक्काच्या मुलीचें झालें आणि मी हिला उठतां बसतां विचारीत सुटल्यें. अजून नाही, अजून नाही. लेंकरूं काय करील?"

तिला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. तो नंतर आला, डॉक्टर सगळं समजावत असताना. मध्येच वळून मुलीला म्हणाली, "वर्षभर दुखत होतें आणि तूं मला सांगितलें नाहीस?" तो राग खोट्याचा नव्हता, दुखण्याचा होता. मुलीलाही तो कळला असावा, कारण आईचा हात तिनं सोडला नाही.

त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. सोमवारी ऑपरेशन ठरलं. वडील सही करायला आले. उंच, अबोल माणूस. सही करून झाल्यावर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर जाऊन बसले.

ऑपरेशनच्या आधी आईनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, तोही तमिळमधून विचारायची लाज वाटून, मला कोपऱ्यात नेऊन, माझ्या मार्फत. "पुढें लग्नाच्या वेळीं कोणी कांही म्हणेल का?" मी तो प्रश्न तमिळमधून डॉक्टरांना सांगितला. त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना सांगा, पोरीच्या तब्येतीपेक्षा तो पडदा मोठा नाही. आणि कुणी कधी विचारलंच तर कागद आहे, त्यावर सगळं लिहिलेलं आहे. पण विचारणाऱ्याच्या घरात मुलगी देऊच नका." हे शेवटचं वाक्य मी मराठीत आणताना आई पहिल्यांदा मनापासून हसली.

अर्ध्या तासाचं काम. मी बाहेर आईबरोबर बसले होते. आमच्या डॉक्टरही आत होत्या; त्या बाहेर आल्या आणि अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण केली. दुसऱ्या दिवशी मुलगी घरी गेली. आईनं मला फोनवर सांगितलं की ती घरी पोचल्यावर जी झोपली ती चौदा तास उठली नाही, आणि आजी दर तासाला येऊन नाकासमोर बोट धरून श्वास बघत होती.

पाच आठवड्यांनी, एका गुरुवारी, दोघी आल्या. आईच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात उडदाच्या पिठाची, ताडगुळाची कळी होती, शिऱ्यासारखी घट्ट आणि गोड, वर तिळाचं तेल. इकडे वयात आलेल्या मुलीला ती मुद्दाम खायला घालतात, कंबर मजबूत होते म्हणून. मला काही विचारावं लागलं नाही. सिस्टरनी डबा उघडून वास घेतला आणि मुलीचा गालगुच्चा घेतला. डॉक्टर, सिस्टर आणि मी, आम्ही तिघींनी तिथेच, तक्त्यांच्या ढिगाशेजारी बसून ती खाल्ली. डॉक्टरांनी दोनदा घेतली.

"यंदा कोणास बोलावलें नाही," आई म्हणाली. "आम्हीं तिघींनींच केलें. सासूबाईंनीं ओवाळलें."

"आजींना सांगितलंत?"

"त्यांस म्हटलें, मुलगी आजारांतून उठली, ओवाळा. त्यांनीं विचारलें नाही. त्यांस सगळें कळतें, मात्र विचारीत नाहीत."

मी मुलीला हळूच विचारलं, "त्या समारंभाच्या फोटोंचं काय?"

"राहूं दे," ती म्हणाली. "ती दावणी सुंदर होती."

त्या दिवशी आई सिस्टरशी बोलत बसली तेव्हा मी मुलीला माझ्या टेबलापाशी बोलावलं. म्हटलं, "तू मला एक मदत कर. इथं कुणी येत नाही. का येत नाही ते मला सांग. खरं सांग, मी रागावणार नाही."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सुरू केलं. बाहेरच्या त्या मोठ्या पाटीपाशी कुणी वाचत उभं राहिलं तर लोक त्याच्याकडे बघतात. नोंदणीच्या खिडकीतली बाई मोठ्यानं विचारते, काय झालंय. वडिलांचं नाव विचारते. बाकावर शेजारच्या काकू भेटू शकतात. पडद्यातून सगळं ऐकू येतं. तीन वाजता शाळा सुटलेलीच नसते, ती स्वतः शेवटचा तास बुडवून आली होती. भिंतीवरची चित्रं लहान बाळांची आहेत. "आणि अक्का," ती म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदां नांव विचारतां. नांव शेवटीं विचारा."

मी सगळं लिहून घेतलं. समाजकार्याच्या पदवीत हे कुणी मला शिकवलं नव्हतं.

बदल पटापट झाले असं नाही. खोली बदलून मिळायला चार महिने लागले. लशींच्या रिकाम्या खोक्यांचं एक कोठार मागच्या फाटकाजवळ होतं, त्याला खरं लाकडी दार होतं. ते साफ करायला सिस्टर आणि मी दोन रविवार गेलो. सिस्टरनी घरून पंखा आणला. नोंद खिडकीत न करता आत, माझ्याजवळ करायची परवानगी डॉक्टरांनी भांडून मिळवली. वेळ साडेचार ते साडेसहा केली. पाटी लहान केली, तिच्यावर फक्त वार आणि वेळ ठेवली. आणि मी नाव शेवटी विचारायला लागले.

त्या मुलीनं कुणाकुणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण पुढच्या टर्मला तिच्याच रंगाच्या स्कर्टातल्या दोघी आल्या, एकीच्या चेहऱ्यावर फोडांचा कहर, दुसरी नुसती सोबतीला. पुढच्या वेळी ती सोबतीला आलेली एकटी आली. तिचं वजन झपाट्यानं उतरत होतं आणि ती जेवण चपलांच्या खोक्यात लपवून टाकत होती. मग मुलगे यायला लागले. ते तिघा-चौघांच्या घोळक्यानं यायचे, आवाज कधी फुटणार, उंची का वाढत नाही, असं मोठ्या धिटाईनं विचारायचे, आणि त्यातला एक जण बाकीचे गेल्यावर पाण्याची बाटली विसरल्याचं सांगून परत यायचा. त्याचा प्रश्न खरा असायचा. एन्नोरहून एक मुलगी येत असे, दोन बस बदलून, दम्यासाठी. दम्याचं औषध तिला जवळच मिळालं असतं, पण तिला औषधाआधी अर्धा तास बोलायचं असे. काही गुरुवारी मला चहाला उठायला फुरसत मिळत नसे. सिस्टर आता म्हणेनाशा झाल्या की या वयात कुणाला काही होत नाही.

सगळंच नीट झालं असं नाही. काही मुलं एकदाच आली आणि पुन्हा दिसली नाहीत. पण घरी परत जाताना बसमध्ये खिडकीशी बसून मी कित्येकदा स्वतःशीच हसत असे, आणि शेजारच्या बायका माझ्याकडे वळून बघत.

माझी स्वतःची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. घरी मी जेवताना दवाखान्यातलं, नाव-गाव वगळून, काही सांगायला लागले की ती कानात बोळे घालायची. तिच्या मैत्रिणींच्या देखत मी पाळी हा शब्द उच्चारला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. एका रविवारी मी डोशाचं पीठ वाटत होते, तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, असा दवाखाना मैलापूरमध्ये आहे का?"

"आहे. मंगळवारी असतो. पण आमच्याकडे ये ना, गुरुवारी. सिस्टर तुला ओळखतात, डॉक्टर..."

"म्हणूनच नको. जिथं तू नसशील तिथंच जाईन."

माझ्या जिभेवर तीन प्रश्न येऊन थांबले. का जायचंय? काय होतंय? कधीपासून? मी मिक्सरचं बटण दाबलं आणि तो घरघरू दिला. थांबवल्यावर म्हटलं, "मंगळवारी चार ते सहा. देवळाच्या तलावाच्या बाजूनं गेलीस तर मागून दार आहे. बसचा पास घेऊन जा."

"बरं," ती म्हणाली, आणि भांड्यातलं थोडं पीठ बोटावर घेऊन चाटून बघितलं. "मीठ कमी आहे."

मंगळवारी ती साडेसहाला घरी आली. मी काही विचारलं नाही. तिनं भरपूर डोसे खाल्ले आणि लवकर झोपली.